चार तास हुकल्यानंतरचे दिवस

१९ जानेवारी २०२५ला, मुंबई मॅरेथॉनच्या दिवशी, माझी मुलगी पेडर रोडच्या चढावर मीठ-लिंबाच्या पाण्याची बाटली घेऊन उभी होती. आई साधारण कधी येईल याचा हिशोब तिनं आदल्या रात्रीच केला होता. मी त्या हिशोबापेक्षा पंधरा मिनिटं उशिरा पोचले, तेही चालत. ‘आई, पाणी’ एवढंच ती म्हणाली आणि चढ संपेपर्यंत माझ्या बाजूनं चालत राहिली. त्या दिवशी माझं टायमिंग आलं ४ तास २४ मिनिटं ८ सेकंद.

मी ठाण्यात राहते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि वय ४९ आहे. मुंबईची पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, मी २०१९ला पहिल्यांदा धावले, ४ तास ५८ मिनिटांत. २०२०ला ४:३१. करोनामुळे पुढच्या दोन जानेवारी तशाच गेल्या. २०२३ला ४:१२, २०२४ला ४:०३:४१. चार तासांच्या आत येण्यासाठी उरली होती फक्त ३ मिनिटं ४२ सेकंदं. त्यासाठी वर्षभर पहाटे चारला उठले, दर रविवारी येऊरच्या चढावर गेले, नात्यातली दोन लग्नं संध्याकाळच्या रिसेप्शनवर भागवली. आणि आलं काय, तर मागच्या वर्षीपेक्षा वीस मिनिटं जास्त.

तुमचंही असं झालं असेल, तर मी काय केलं, काय करायला नको होतं आणि आता कुणी विचारलं तर काय सांगते, ते इथे लिहिते आहे.

पहिले तीन दिवस

रडू आलं तर रडा. ‘पुढच्या वर्षी होईल’ हे घरचे प्रेमानंच म्हणतात, पण त्या दिवशी ते ऐकवत नाही. मी नवऱ्याला सरळ सांगितलं, ‘आज धीर देऊ नकोस, नुसता बस.’ तो बसला. ऑफिसात, सोसायटीत, ग्रुपवर ‘किती वेळात?’ हा प्रश्न येणारच. त्याला एकच वाक्य ठरवून ठेवा. माझं होतं, ‘४:२४, मनासारखं झालं नाही, सविस्तर नंतर सांगेन.’ आकडा लपवला की प्रत्येक भेटीत तो पुन्हा लपवावा लागतो आणि त्यानं जास्त थकायला होतं.

त्याच संध्याकाळी मी फेब्रुवारीतल्या दिल्लीच्या मॅरेथॉनचं पान उघडून बसले होते. पाच आठवडे हातात आहेत, तयारी झालेलीच आहे, वसूल करून घेऊ, असं वाटत होतं. हे करू नका. निदान तीन आठवडे कुठेही नाव नोंदवू नका. दुखावलेल्या मनानं घेतलेली एंट्री थकलेल्या पायांना निभवावी लागते.

पहिला आठवडा धावणं बंद. रोज वीस-तीस मिनिटं सपाट रस्त्यावर चाला, जिना उतरताना कठडा धरा. दुखतंय म्हणून वेदनाशामक गोळ्यांचा सपाटा लावू नका. शरीरात पाणी कमी असताना त्यांचा भार मूत्रपिंडांवर येतो. दुसऱ्या आठवड्यात तीन ते पाच किलोमीटर, बोलता येईल इतक्याच वेगानं. एवढं पुरे.

घड्याळ वाचायचं कसं

लॅबमध्ये आम्ही एक गोष्ट पाळतो. रिपोर्ट विचित्र आला की आधी सॅम्पल तपासायचं. रक्त नीट घेतलं होतं का, त्यातल्या पेशी फुटल्या तर नाहीत ना, पेशंट उपाशी होता का? त्यानंतर आकड्यावर बोलायचं. मॅरेथॉनच्या टायमिंगला मी हाच नियम लावते. पण हे काम पहिल्या आठवड्यात करू नका, तेव्हा डोळ्यांना स्वतःच्या चुका सोडून काही दिसत नाही. मी दहाव्या दिवशी वही घेऊन बसले.

एकूण टायमिंग बाजूला ठेवा आणि प्रत्येक पाच किलोमीटरचा वेळ एकाखाली एक लिहा. चार तासांसाठी किलोमीटरला सुमारे ५ मिनिटं ४१ सेकंद लागतात, म्हणजे पाच किलोमीटरला २८:२६. माझे पहिले पाच झाले २७:०५ मध्ये. अंधार, मरीन ड्राइव्हचा वारा, शेजारी हजारो पावलांचा आवाज. त्या क्षणी तो वेग फुकटचा वाटत होता. अर्धं अंतर १:५७:२० मध्ये गेलं. तीस किलोमीटर बरोबर २:५० ला, म्हणजे तोवर चार तासांच्या गणितात मी अजून होते. मग ३० ते ३५ला ३५ मिनिटं. ३५ ते ४०ला ४१ मिनिटं.

हा उतारा वहीत दिसला तेव्हा मला पहिल्यांदा हायसं वाटलं. सुरुवातीला वाचवलेल्या ८१ सेकंदांचे मी नुसत्या ३५ ते ४०च्या टप्प्यातच साडेबारा मिनिटांनी पैसे फेडले होते. हे दुर्दैव नव्हतं, याचं कारण सापडत होतं.

तुमच्या वहीत कुठला नमुना दिसतो ते बघा. सगळे पाच-पाच सारखेच संथ असतील तर बहुधा तयारीच तेवढी होती, किंवा हवेनं सगळ्यांचाच वेग खाल्ला. मुंबईत जानेवारीतही हवेत दमटपणा असतो, घाम येतो पण वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. सूर्य वर आला की ते आणखी जाणवतं. शेजारच्या ओळखीच्या धावपटूंचे टायमिंग त्यांच्या मागच्या वर्षांशी ताडून बघा, सगळेच पाच-सात मिनिटं मागे असतील तर तेवढा भाग हवेचा. सुरुवात वेगवान आणि शेवट कोसळलेला असेल, माझ्यासारखा, तर वेग आणि खाणं दोन्ही तपासा. स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा साधारण तीस किलोमीटरनंतर आटू लागतो आणि वेगात धावलं तर आणखी लवकर. तासाला निदान ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. एका जेलमध्ये, म्हणजे धावताना चोखायच्या गोड पाकिटात, असतात साधारण २० ते २५. मी दहाव्या किलोमीटरला एक जेल घेतलं, दुसऱ्याच्या वेळी मळमळलं म्हणून टाळलं आणि तिसऱ्याची आठवण आली ती सी लिंक मागे पडल्यावर. लाँग रनमध्ये, म्हणजे सरावातल्या लांब धावेत, मी नेहमी दोनच घेत होते, त्यामुळे पोटाला सवयच नव्हती.

रक्ताची तपासणी, पण घाई नको

हा भाग माझ्या कामाचा, म्हणून जरा सविस्तर. निराशेच्या भरात खूप जण दुसऱ्याच दिवशी सगळ्या तपासण्या करून घेतात आणि घाबरतात. मॅरेथॉननंतर स्नायू दुखावलेले असतात, त्यामुळे सीपीके हे स्नायूंतलं एन्झाइम रक्तात एक-दोन दिवसांत कित्येक पटींनी वर जातं. यकृताच्या तपासणीतलं एसजीओटीसुद्धा वाढतं, कारण ते यकृतात असतं तसं स्नायूंतही असतं. पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, मात्र उलटं फसवतं, शरीरात सूज असली की ते खऱ्यापेक्षा चांगलं दिसतं. म्हणून निदान दोन-तीन आठवडे थांबा आणि डॉक्टरांना सांगा की मी अमुक तारखेला ४२ किलोमीटर धावले आहे. लघवी चहासारखी गडद होत असेल, शुद्ध हरपत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर मात्र थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

मी फेब्रुवारीच्या मध्यावर रक्त दिलं. हिमोग्लोबिन १२.१, म्हणजे कागदावर ठीक. फेरिटिन ११. रोज दुसऱ्यांच्या नळ्या मशीनमध्ये लावणाऱ्या मला स्वतःची नळी लावायला सात वर्षं लागली होती. मासिक पाळीच्या शेवटच्या वर्षांत रक्तस्राव वाढलेला, त्यात आठवड्याला साठ किलोमीटर. लोहाचा साठा आटला होता आणि हिमोग्लोबिन अजून त्याला झाकत होतं. येऊरच्या चढावर डिसेंबरपासून धाप लागत होती, ती मी आळसाच्या खात्यात टाकली होती. धावणाऱ्या प्रत्येक बाईला मी हे कळकळीनं सांगते. नुसत्या हिमोग्लोबिनवर थांबू नका, फेरिटिन लिहून घ्या. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच, लोह जास्त झालं तरी नुकसान करतं. आणि गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

पुन्हा आकडा ठरवताना

चार तास सोडायचे का? मला विचाराल तर लगेच सोडू नका आणि लगेच धरूही नका. आधी दहा किलोमीटर किंवा अर्ध मॅरेथॉन मनापासून धावा आणि तिचा वेळ काय सांगतो ते ऐका. अर्धीचा वेळ दुप्पट करून त्यात दहा ते वीस मिनिटं मिळवली की पूर्णचा ढोबळ अंदाज येतो, जितकी तयारी कच्ची तितकी जास्त मिनिटं. म्हणजे चार तासांना निदान १:५५ च्या आतली अर्धी हवी. मी सातारच्या यवतेश्वर घाटातल्या अर्ध मॅरेथॉनवरून हा अंदाज बांधत नाही, तिथला चढ हिशोब बिघडवतो. सपाट रस्त्यावरचीच घेते.

यंदा मी तीन आकडे लिहून भिंतीवर लावले आहेत. सगळं जमून आलं तर ३:५९. हवा दमट असेल तर ४:०८. आणि काहीही झालं तरी पहिल्या दहात एकही किलोमीटर ५ मिनिटं ५० सेकंदांच्या आत धावायचा नाही. तिसरा पूर्ण माझ्या हातात आहे, म्हणून तोच सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलाय. लाँग रनलाही आता दर सात किलोमीटरला जेल घेते, मळमळलं तरी अर्धं तरी घेते. जून-जुलैत त्याची सवय झाली.

एक गोष्ट मला सगळ्यात जड गेली. नाव नोंदवताना आधीच्या टायमिंगचा दाखला मागतात, त्यावरून सुरुवातीला कुठल्या गटात उभं राहायचं ते ठरतं. माझ्याकडे ४:०३ चा होता आणि ४:२४ चाही. मी ४:२४ चा लावला. त्या गटात पुढची गर्दी आपोआप हळू असते, आणि मला पहिल्या दहा किलोमीटरसाठी तीच हवी आहे.