प्रेपची गोळी: या चुका टाळा

एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध म्हणजे प्रेप. बहुतेकांच्या हाती पडते ती एकच गोळी. तिच्यात टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम असतं. कधी एमट्रिसिटाबिनऐवजी लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम. औषध चांगलं आहे, याबद्दल आता वाद उरलेला नाही. तरीही प्रेपवर असताना लागण झाल्याची प्रकरणं येतात आणि त्यातल्या बहुतेकांत दोष गोळीचा नसतो. गोळी कधी सुरू केली, कशी घेतली आणि कधी सोडली, इथे घोळ झालेला असतो. चुका त्याच त्या आहेत. त्यातल्या दोन खरोखर महागात पडतात, म्हणून त्या सविस्तर.

तपासणीआधीच पहिली गोळी

माणसं बदलतात, प्रकरण तेच. एका रात्री कंडोमशिवाय संबंध आला. दहा-बारा दिवसांनी ताप, घसा दुखतो, अंग मोडून येतं, छातीवर बारीक पुरळ. ‘व्हायरल असेल’ म्हणून क्रोसिन घेतली, बरं वाटलं. पण मनात भीती बसली, म्हणून मित्राच्या डबीतून पंधरा गोळ्या मागून घेतल्या आणि त्याच रात्री सुरू केल्या. कोणी तरी टोकलं म्हणून बोटाला टोचून करायची झटपट चाचणी केली. निगेटिव्ह आली. मग काय, निर्धास्त! स्वतःची डबी आणली, गोळ्या नियमित चालू ठेवल्या आणि तीन महिन्यांनी चाचणी रिअॅक्टिव्ह आली. ‘रोज गोळी घेत होतो, तरी कसं झालं?’

झालं असं, की लागण गोळीच्या आधीचीच होती. तो ताप व्हायरलचा नव्हता, एचआयव्हीचा होता. झटपट चाचणी रक्तातल्या प्रतिपिंडांवर चालते आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. अशा चाचणीचा विंडो पिरियड, म्हणजे लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंतचा काळ, २३ ते ९० दिवसांचा असतो. पंधराव्या दिवशी आलेल्या निगेटिव्हला फारसा अर्थ नव्हता.

इथवर फक्त निदान लांबलं. खरं नुकसान त्यापुढे आहे. शरीरात विषाणू भरभर वाढत असताना त्याला दोनच औषधं मिळाली. थोपवायला ती पुरेशी असतात, पण एकदा ठाण मांडलेल्या संसर्गाला दाबायला अपुरी पडतात. अशा वेळी विषाणू एम१८४व्ही नावाचा बदल करून घेतो, तोही काही आठवड्यांत. मग एमट्रिसिटाबिन आणि लॅमिव्हुडिन ही दोन्ही बहुतांशी निष्प्रभ होतात. उपचार तरीही होतो, डोल्युटेग्राव्हिरसारखी भक्कम औषधं आहेत. पण पहिल्याच दिवशी हातातला एक पत्ता गेलेला असतो, आणि तो गेला केवळ चाचणी घाईने उरकल्यामुळे.

यावरचा इलाज सोपा आहे. पहिली गोळी हातात घेण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा.

गेल्या ७२ तासांत धोक्याचा प्रसंग घडला आहे का? असेल तर प्रेप नको, पेप हवं. पेप म्हणजे साधारण तीन औषधांचा २८ दिवसांचा कोर्स. जितका लवकर तितका बरा, आणि ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. तो संपला, चाचणी निगेटिव्ह आली, की दुसऱ्याच दिवशी प्रेप. मध्ये खंड पाडू नका.

गेल्या महिन्यात धोक्याचा प्रसंग झाला आणि त्यानंतर ताप, घसा, पुरळ, मानेत-काखेत गाठी यातलं काही आलं का? असेल तर झटपट चाचणीवर भागवू नका. प्रयोगशाळेतली, प्रतिपिंडांबरोबर विषाणूचं प्रथिनही शोधणारी चौथ्या पिढीची चाचणी (विंडो १८ ते ४५ दिवस) किंवा विषाणूचा आरएनए शोधणारी चाचणी (१० ते ३३ दिवस) करून घ्या आणि निकाल येईपर्यंत थांबा.

दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल, तर मात्र उगाच वेळ काढू नका. एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आली की त्याच दिवशी गोळी सुरू करता येते. किडनीचा आणि हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट नंतर आला तरी चालतो, रक्त त्याच दिवशी दिलं म्हणजे झालं. पुढे एक महिन्याने चाचणी आणि मग दर तीन महिन्यांनी. ‘गोळी चालूच आहे, चाचणी कशाला’ असं म्हणणाऱ्याला प्रेप समजलेलंच नाही.

२-१-१ ऐकून घेतलेलं

रोजची गोळी नको, संबंधापुरतीच घ्यायची, आधी दोन, मग एक आणि पुन्हा एक, ही २-१-१ पद्धत खरी आहे. फ्रान्स आणि कॅनडात झालेल्या इपरगे नावाच्या अभ्यासात तिने लागण ८६ टक्क्यांनी घटवली. पण तो अभ्यास पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांवर आणि ट्रान्सजेंडर महिलांवर झाला होता. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि या साखळीत दोन गोष्टी गळून पडतात. ही पद्धत कोणासाठी आहे आणि तास कुठून मोजायचे.

आधी कोणासाठी नाही ते. योनीमैथुनातून ज्यांना धोका आहे अशा महिलांसाठी नाही. जन्माने पुरुष असलेल्या पण इस्ट्रोजेनचे हॉर्मोन घेणाऱ्या ट्रान्सजेंडर महिलांसाठी नाही. सुई टोचून नशा करणाऱ्यांसाठीही नाही. टेनोफोव्हिर गुदाशयाच्या अस्तरात भरपूर साठतं, योनीच्या अस्तरात त्या मानाने फारच कमी. त्यामुळे पुरुषाची एखादी गोळी चुकली तर निभावून जातं, देहविक्री करणाऱ्या बाईच्या बाबतीत तेवढी सवड नसते. ‘मॅडम, आठवड्यात चार घेतल्या तरी पुरतात’ असं तिला सांगणारे शहाणे भेटतात. तो हिशेब पुरुषांच्या अभ्यासातून आलेला आहे. तिला रोजच हवी.

आता तास. पहिल्या दोन गोळ्या एकदम, संबंधाच्या २ ते २४ तास आधी. तिसरी गोळी पहिल्या दोन घेतल्यापासून २४ तासांनी, चौथी ४८ तासांनी. घड्याळ संबंधापासून चालत नाही, पहिल्या डोसापासून चालतं. शनिवारी रात्री आठला दोन घेतल्या, अकराला संबंध आला, तर रविवारी आठला एक आणि सोमवारी आठला एक. इथपर्यंत बहुतेकांना जमतं. रविवारी रात्री अकराला पुन्हा संबंध आला की गाडी अडते. सोमवारी शेवटची घेऊन मोकळे होतात. नियम असा की शेवटच्या संबंधानंतर दोन दिवस गोळी चालली पाहिजे. म्हणजे सोमवारी आठला आणि मंगळवारीही आठला. मंगळवारची गोळी हमखास बुडते, कारण तोवर सुट्टी संपून माणूस कामाला जुंपलेला असतो.

आणखी एक आळशी युक्ती म्हणजे संबंध झाल्यावर घाईघाईने दोन गोळ्या घेऊन २-१-१ ‘मागून’ चालू करणं. असं चालत नाही. आधीच्या दोन चुकल्या असतील तर तो पेपचा विषय, सरळ दवाखाना गाठा.

आठवड्यातून दोन-तीनदा संबंध येत असेल, तर या मोजणीच्या भानगडीत पडूच नका. रोज रात्री दात घासल्यावर एक गोळी, संपला विषय. हिपॅटायटिस बी असलेल्यांनीही डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर रोजचीच धरावी.

सुरू आणि बंद करतानाचा घोळ

पहिल्या गोळीनंतर लगेच संरक्षण मिळतं, ही समजूत सगळीकडे आहे. पुरुषांना गुदमैथुनासाठी दोन गोळ्यांनी सुरुवात केली तर दोन तासांत, एक-एक घेतली तर सात दिवसांत. महिलांसाठी आणि सुईने नशा करणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटना सात दिवस धरते, अमेरिकेची मार्गदर्शिका २१. तोवर कंडोम आणि स्वतःची सुई. शंका असेल तर मोठा आकडा धरावा, त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

सोडतानाही तसंच. शेवटच्या धोक्यानंतर २-१-१ वाल्यांनी दोन दिवस, महिलांनी आणि सुईवाल्यांनी सात दिवस. आणि हिपॅटायटिस बी असेल तर गोळी आपल्या मनाने अजिबात बंद करायची नाही. टेनोफोव्हिर त्या विषाणूलाही दाबून ठेवतं. दाब काढला की यकृताला एकदम सूज येऊ शकते. हिपॅटायटिस बीची एचबीएसएजी तपासणी सुरुवातीलाच का करतात, ते यासाठी.

बाकीच्या, थोडक्यात

पॉझिटिव्ह जोडीदाराच्या एआरटीतून (एचआयव्हीच्या उपचारातून) गोळ्या वाटून घेणं: एका डबीत दोघांचं भागत नाही. त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, वर जातो, आणि तुमचाही धोका त्यानेच वाढतो.

गोळी चुकली: आठवली की घ्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करू नका.

पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकं जड, गॅस: बहुतेकांचं महिन्याभरात थांबतं. जेवणानंतर किंवा झोपताना घ्या. तिसऱ्या दिवशी ‘मला सोसत नाही’ म्हणून सोडणारे बरेच, त्यातल्या काहींनी गोळी रिकाम्या पोटी घेतलेली असते.

‘गोळी आहे, कंडोम कशाला?’ सिफिलिस आणि गोनोरियाला ही गोळी ओळखतही नाही. दर तीन महिन्यांच्या भेटीत लघवीबरोबर घशाचा आणि गुदाशयाचा स्वॅबही मागून घ्या, कारण तिथला संसर्ग बहुधा काहीच त्रास देत नाही.

जिमवाल्यांचं क्रिएटिन: रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं आणि किडनीवर शंका येते. रिपोर्टआधी काही दिवस बंद ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिलच्या, म्हणजे याच गोळीसाठी क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी रक्त किती वेगाने गाळते त्याचं माप) किमान ६० लागतो. पाठदुखीसाठी रोज डायक्लोफिनॅक खाणाऱ्यांची किडनी मात्र खरोखर धोक्यात येते. पॅरासिटामॉलवर भागवा.

इंजेक्शन घेतलं म्हणजे सुटका नाही

प्रेप इंजेक्शनातूनही मिळतं. कॅबोटेग्राव्हिरची ६०० मिलिग्रॅमची सुई कुल्ल्याच्या स्नायूत देतात. पहिल्या दोन एक महिन्याच्या अंतराने, मग दर दोन महिन्यांनी. लेनाकॅपाव्हिरची सुई त्वचेखाली, दर सहा महिन्यांनी. पण पहिली सुई घेतली त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ३०० मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्याही घ्यायच्या असतात. दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या घरी घ्यायच्या असतात आणि बरेच जण त्या विसरतात.

इंजेक्शनवाल्यांची मोठी चूक म्हणजे तारीख हुकवून गप्प बसणं. कॅबोटेग्राव्हिर थांबवलं तरी रक्तात वर्षभर किंवा जास्त रेंगाळतं, पण हळूहळू इतकं कमी की संरक्षण देत नाही आणि विषाणूला सवय मात्र लावतं. सुई सोडायची असेल आणि धोका चालू असेल, तर पुढच्या सुईची तारीख यायच्या आत रोजची गोळी धरा. टीबीच्या उपचारात रिफॅम्पिसिन चालू असेल तर कॅबोटेग्राव्हिर चालत नाही, रिफॅम्पिसिन त्याची पातळी पाडतं. लेनाकॅपाव्हिरलाही जादा डोस लागतो. अशा वेळी टेनोफोव्हिरची गोळीच बरी. ती रिफॅम्पिसिनबरोबर निभावते, फक्त टीबीच्या डॉक्टरांना आपण प्रेप घेतो हे सांगावं लागतं. लाजून न सांगणारे पुष्कळ आहेत.