हॉलमध्ये टीव्ही-साउंडबार बसवताय? मग या चुका टाळा

नवीन फ्लॅटची किल्ली हातात आली की आधी सुतार ठरतो, मग पीओपीवाला, मग रंग, आणि टीव्हीचं काय तर "दिवाळीच्या सेलमध्ये घेऊ की". सगळी गडबड इथेच होते. टीव्ही कुठल्या भिंतीवर, किती इंची, किती उंचीवर आणि वायरी कुठून जाणार हे भिंतीला झिरी मारायच्या आधी ठरायला लागतं, रंग झाल्यावर ठरवून उपयोग नाही. आमचं घर, भावाचं घर आणि सासरचं घर अशा तीन ठिकाणी हे काम मी जवळून बघितलंय आणि तिन्हीकडे त्याच त्या चुका, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे टीव्ही फार वर टांगणं. आमच्या इंटिरियरवाल्याने ड्रॉइंगमध्ये टीव्ही भिंतीच्या बरोब्बर मधोमध दाखवलेला, कागदावर इतकं छान दिसत होतं की आम्ही लगेच हो म्हणालो. बसवल्यावर स्क्रीनचा मध्य जमिनीपासून साडेपाच फुटांवर आला. आठ दिवसांत बाबा म्हणायला लागले, मान भरून येते रे, आणि मग खुर्ची मागे नेऊन अर्धवट आडवं होऊन बातम्या बघायला लागले. शेवटी ब्रॅकेट काढलं, दोन फूट खाली घेतलं, वरची भोकं बुजवली आणि तेवढ्यासाठी अख्ख्या भिंतीचा वॉलपेपर बदलला. तुम्ही एवढंच करा, सोफ्यावर नेहमीसारखं रेलून बसा आणि घरातल्या कुणालातरी जमिनीपासून तुमच्या डोळ्यांपर्यंत टेप धरायला सांगा. साधारण ४० ते ४२ इंच येतं, स्क्रीनचा मध्य त्याच्या आसपास ठेवायचा. ५५ इंची टीव्ही उंचीला २७-२८ इंच असतो, म्हणजे खालची कडा २८ इंचांवर येते, आणि म्हणून खालचं युनिट दीड-पावणेदोन फुटांच्या वर नको, नाहीतर साउंडबारला (टीव्हीखाली ठेवायच्या लांबट स्पीकरला) जागाच राहत नाही. बेडरूममध्ये आपण आडवं पडून बघतो तिथे थोडा वर चालतो, पण ब्रॅकेट खाली झुकणारं घ्या.

साइज ठरवताना शोरूममधला अंदाज घरी लागू पडत नाही. सोफा ते भिंत अंतर मोजा. सात-साडेसात फूट असेल तर ५५ इंची मस्त, साडेआठच्या पुढे ६५. भावाकडे सुताराने आधीच प्लायचा कोनाडा करून ठेवला होता, रुंदी ५० इंच, आणि ६५ इंची टीव्ही असतो जवळजवळ ५७ इंच रुंद. कोनाडा तोडायचा की टीव्ही लहान घ्यायचा यावर घरात चार दिवस चर्चा आणि शेवटी ५५ वरच थांबले.

आता वायरी. यावर मी जास्त बोलणार कारण नंतर दुरुस्त करायला सगळ्यात महाग हेच पडतं. वायरमन टीव्हीच्या मागे नेहमीचा २५ एमएमचा पाइप टाकतो, लाइटच्या वायरीला तो पुरतो, पण एचडीएमआय केबलचं डोकं पाऊण इंचाचं असतं आणि पाइपला बेंड असला की तिथेच अडकून बसतं. टीव्हीच्या मागून खालच्या युनिटपर्यंत सरळ ५० एमएमचा पीव्हीसी पाइप टाकून घ्या आणि त्यात एक नायलॉनची दोरी ओढून ठेवा, उद्या केबल बदलायची झाली तर भिंत फोडावी लागणार नाही. पॉवरची वायर मात्र त्याच पाइपात घालू देऊ नका, तिला वेगळा पाइप. प्लगपण मोजून घ्या. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार, राउटर, मुलांचा गेम, असे पाच तरी होतात, आणि सबवूफर (बेसचा वेगळा स्पीकर) जिथे ठेवणार तिथे अजून एक. प्रोजेक्टर लावायचा असेल आणि केबल दहा मीटरच्या घरात जात असेल तर साधी तांब्याची एचडीएमआय ४के ला दगा देते, ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, आणि तिला दिशा असते, एक टोक टीव्ही-प्रोजेक्टरचं आणि एक बॉक्सचं, पाइपात घालण्याआधी दोन्ही टोकांवर काय छापलंय ते वाचा.

भिंत कसली आहे तेही बघा. नव्या बिल्डिंगांमध्ये बऱ्याचदा एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे ब्लॉक) असतात, त्यात छोटे स्क्रू आणि साधी गिट्टी हळूहळू सैल होते, आणि पुढे ओढायचं हाताचं ब्रॅकेट असेल तर वजन अजून जास्त खेचतं. कंपनीचा माणूस जे पाकीट घेऊन येतो त्यावर जाऊ नका, या ब्लॉकसाठीचे लांब अँकर आणून ठेवा. पॅनेलिंग करणार असाल तर टीव्हीच्या जागी मागे १९ एमएमचा प्लाय सुताराकडून आधीच ठोकून घ्या. आणि पावसाळ्यात ज्या बाहेरच्या भिंतीला ओल येते तिथे टीव्ही नकोच.

साउंडबार घेताना लोक वॉट बघतात, बघायला पाहिजे टीव्हीचं ईएआरसी पोर्ट, म्हणजे टीव्हीचा आवाज बारकडे पाठवणारं एचडीएमआय पोर्ट. आवाजाच्या साध्या ऑप्टिकल केबलने (वरची ऑप्टिकल एचडीएमआय वेगळी) अॅटमॉस, म्हणजे वरूनही आल्यासारखा वाटणारा आवाज, येत नाही. आवाज वर फेकणारे स्पीकर असलेला बार कोनाड्यात घुसवला तर आवाज छताऐवजी फळीवर आपटतो आणि दिलेले पैसे फुकट. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की नुसता घुमतो. एक जुनी युक्ती आहे, सबवूफर सोफ्यावर तुमच्या जागी ठेवा, एखादं बेस असलेलं गाणं लावा आणि खोलीभर वाकून फिरा, जिथे बेस स्वच्छ ऐकू येईल तिथे तो ठेवायचा. खाली रबराचे पॅड ठेवा, खालच्या मजल्यावरची माणसंही झोपतात.

बसवल्यावर बार मुकाच राहिला तर सर्व्हिसला फोन करायच्या आधी तीन गोष्टी बघा. केबल एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या पोर्टलाच आहे ना, टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या वस्तूंनी एकमेकांना चालवायची सोय, चालू आहे ना (सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक अशी नावं असतात), आणि साउंड आउटपुट टीव्ही स्पीकरवरच तर राहिलं नाही ना. ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो तर बारमधला ऑडिओ डिले शून्यावर आणा. चित्र अंधारं वाटतंय तर पॉवर सेव्हिंग बंद करा. सिनेमा सिरियलसारखा गुळगुळीत दिसतोय तर मोशनचं सेटिंग बंद करून फिल्ममेकर किंवा सिनेमा मोड लावा. इंटरनेटवरचा व्हिडिओ अडकत असेल तर बघा, बिल्डरने दाराजवळ दिलेल्या लोखंडी डब्यात राउटर कोंबलाय का, तिथून वायफाय बाहेर येणार कसं, तो बाहेर काढा नाहीतर टीव्हीला लॅन केबल जोडा.

टीव्हीच्या मागच्या पोर्टला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर मात्र स्वतः काही करू नका, अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. आणि मे महिन्यात वळीव गडगडायला लागला की नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही, टीव्हीचा प्लग काढा आणि गच्चीवरच्या डिशची केबलसुद्धा बॉक्समधून काढून ठेवा. सासरी प्लग काढला होता, केबल राहिली होती, आणि सेट-टॉप बॉक्ससकट टीव्हीचा बोर्ड गेला.