जपानी ऑफिसात साहेबांना हाक कशी मारायची

जपानी कंपनीत चढता क्रम साधारण असा: काकारिचो (गटप्रमुख), काचो (सेक्शनप्रमुख), बुचो (विभागप्रमुख), शाचो (अध्यक्ष). समोर बोलताना आडनावाला पद जोडा: ‘तानाका-बुचो’. पदातच आदर आहे, म्हणून त्यावर ‘सामा’ (नावामागे लावायचा खूप आदराचा शब्द) जोडून ‘बुचो-सामा’ म्हणणं चुकीचं. ईमेलमध्ये ‘सामा’ हवंच असेल तर पद आधी लिहा: ‘बुचो तानाका-सामा’. काही कंपन्यांत सगळ्यांनाच नुसतं ‘सान’ (आपल्या ‘जी’सारखं) लावतात. तिथली पद्धत आधी पाहून घ्या.

खरी गडबड फोनवर होते. ग्राहकाने बुचोंना विचारलं, तर त्यांचं नाव ‘सान’ किंवा पद न लावता घ्यायचं: ‘तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमासु’ (तानाका आत्ता जागेवर नाहीत). आपल्याला हे उद्धट वाटतं, पण बाहेरच्यासमोर आपल्या माणसाला मोठेपणा देणं हाच तिथे ग्राहकाचा अनादर. पद सांगायचंच असेल तर ‘बुचो नो तानाका’. मात्र फोन बुचोंच्या घरून असेल, तर ‘तानाका-बुचो’च म्हणा आणि क्रियापदंही आदरार्थी वापरा.

निघताना वरिष्ठांना ‘ओत्सुकारेसामा देसु’ (‘मेहनत घेतलीत’ अशा अर्थाचं) म्हणा. त्याच अर्थाचं ‘गोकुरोसामा’ हे वरिष्ठांनी कनिष्ठांना म्हणायचं.