‘दुधाकडे बघ’ म्हटलं, त्यानं बघितलं: स्वमग्न मुलाशी घरात कसं बोलावं

गॅसवर दूध तापत ठेवलंय. आई कपडे वाळत घालायला गॅलरीत निघते आणि जाता जाता सांगते, "जरा दुधाकडे बघ रे." दूध फुगतं, काठावर येतं, उतू जातं, बर्नर विझतो, ओट्यावरून पांढरा ओघळ फरशीवर पडतो. बारा वर्षांचा मुलगा शेजारी उभा राहून हे सगळं नीट बघत असतो. मग ओरडा बसतो, आणि आपलं काय चुकलं हे त्याला कळत नाही. बघायला सांगितलं होतं, त्यानं बघितलं.

यात आळस नाही, उद्धटपणाही नाही. "दुधाकडे बघ" या वाक्यात गॅस बंद करण्याचा उल्लेखच नव्हता. तो भाग आईच्या मनात होता. ऐकणारी बहुतेक माणसं असा न बोललेला भाग आवाजावरून, चेहऱ्यावरून, प्रसंगावरून आपोआप भरून काढतात. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाचा भर शब्दांवर असतो. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा स्वमग्न मुलांचं वर्णन करणारा जो निबंध लिहिला, त्यातही हे दिसतं. वस्तू "खाली ठेव" म्हटलं की त्यातला एक मुलगा ती थेट जमिनीवर ठेवायचा.

सगळ्याच स्वमग्न मुलांचं असं होत नाही. भाषा चांगली असलेली मुलं कितीतरी वाक्प्रचार पाठ करून नेमके वापरतात. पण दमल्यावर, गोंगाटात किंवा वाक्प्रचार नवा असेल तर पुन्हा शब्दांकडेच वळतात. आणि हाक मारली तरी लक्षच देत नसेल, तर आधी कानांची तपासणी करून घ्या. ती बऱ्याचदा राहून जाते.

आधी आठवडाभर नुसतं टिपा

स्वयंपाकघरात एक वही आणि पेन ठेवा. जिथे गोंधळ झाला ते वाक्य जसंच्या तसं लिहा, आणि त्यापुढे मुलानं काय केलं ते. कोण चुकलं हे लिहू नका. सात दिवसांनी बघितलंत तर अडचणीची वाक्यं फार नसतात, तीच तीच पुन्हा येतात: "जरा", "नंतर", "बघू", "आवर लवकर", "नीट बस". सुरुवात तिथून करा. सगळं घर एका दिवसात बोलणं बदलू शकत नाही, पण पाच-सहा वाक्यं बदलता येतात.

सूचना कशी द्यायची

आधी नाव घ्या आणि हातातलं काम थांबेपर्यंत थांबा. डोळ्यांत बघायचा आग्रह धरू नका. कित्येक मुलांना डोळ्यांत बघणं आणि ऐकणं ही दोन्ही कामं एकदम जमत नाहीत. मग एकच क्रिया सांगा, आणि ती कधी संपली हेही सांगा. दुधाचं उदाहरण घ्या: "इथे उभा राहा. दूध भांड्याच्या काठापर्यंत वर आलं की गॅसचं बटण बंद कर. मग मला हाक मार." बटण कुठलं आणि कुठल्या बाजूला फिरवायचं, हे गॅस बंद असताना आधी दोन-तीनदा करून दाखवलेलं असायला हवं.

सांगून झाल्यावर आठ-दहा सेकंद गप्प राहा. हे सगळ्यात कठीण जातं. आपण दोन सेकंदांत तेच वेगळ्या शब्दांत सांगतो, आणि मुलासाठी ते नवीन वाक्य असतं. पहिलं अर्धवट सोडून त्याला दुसऱ्याला हात घालावा लागतो. पुन्हा सांगायची वेळ आलीच तर तेच शब्द वापरा.

प्रश्नाच्या रूपातली विनंती टाळा. "पाणी देतोस का?" याला "हो" हे पूर्ण उत्तर आहे, उठायची गरज नाही. "मला एक ग्लास पाणी आणून दे" म्हणा. "आपण आता आंघोळ करू या" हेही फसवं आहे. त्यात तुम्हीही आंघोळीला येणार असता. "तू आंघोळ कर" म्हणा. "पळू नको" यातून पळायचं नाही एवढंच कळतं, त्याऐवजी काय करायचं ते कळत नाही. "हळू चाल, माझा हात धर" हे पुरं पडतं. आणि "समजलं का?" विचारूच नका, बहुतेक वेळा "हो" येतं. "आता तू काय करणार, सांग" असं विचारा.

वेळेबद्दल फार काटेकोर राहा. "पाच मिनिटांत निघू" म्हणून वीस मिनिटं लावलीत तर त्याच्या लेखी तुम्ही खोटं बोललात. टायमर लावा किंवा घड्याळातला काटा दाखवा. "बघू" म्हणजे बहुतेक घरांत "नाही" असतं. नाही असेल तर नाहीच म्हणा. खरोखर ठरलं नसेल तर "रविवारी सकाळी जेवायच्या आधी सांगते" म्हणा, आणि रविवारी सांगा.

मराठीतले उलटे शब्द

आपल्या भाषेत एक खास अडचण आहे. अशुभ बोलायचं नाही म्हणून आपण उलट बोलतो. घरातून निघताना "येतो" म्हणतो. नारळ फोडायचा तर तो "वाढवतो". बांगडी फुटली तर "वाढली". दुकान बंद केलं तर "वाढवलं". देवापुढचा दिवा विझवत नाही, "शांत करतो". त्यात "वाढणे" म्हणजे ताटात वाढणंही आहेच. आजीनं "नारळ वाढव" म्हटल्यावर मुलानं अख्खा नारळ ताटात ठेवला, तर त्यानं मराठी बरोबरच ऐकलेली असते.

हे शब्द घरातून हद्दपार करायची गरज नाही. ते त्याचेही आहेत. पण ते शब्दसंग्रह म्हणून, वेगळे बसून शिकवावे लागतात. शंभर पानी वही घ्या आणि तीन रकाने आखा: कोण काय म्हणतं, शब्दांचा अर्थ काय, आणि म्हणणाऱ्याला काय सांगायचं असतं. पहिली ओळ अशी: बाबा "येतो" म्हणतात, शब्दांचा अर्थ, बाबा इकडे येत आहेत, सांगायचं असतं, बाबा जात आहेत आणि परत येणार आहेत. आठवड्याला दोन-तीनच घ्या, आणि जे त्या आठवड्यात खरोखर ऐकू आले तेच. पुस्तकातले पन्नास वाक्प्रचार पाठ करून घरातला एकही सुटत नाही. चित्र काढायचं तर खऱ्या अर्थाचं काढा. "पोटात कावळे ओरडतात" यासाठी पोटातल्या कावळ्यांचं चित्र काढलंत तर काही मुलांना ते रात्री झोपू देणार नाही.

घरात एक ठरलेला प्रश्न ठेवा: "हे खरं की म्हणायची पद्धत?" मुलानं तो कुठेही, पाहुण्यांसमोरसुद्धा, विचारला तर हसू नका, लगेच उत्तर द्या. विसर्जनाला "पुढच्या वर्षी लवकर या" म्हटलं, २०२५ साली गणपती २७ ऑगस्टला आले आणि २०२६ साली मात्र १४ सप्टेंबरला, मग बोलावून काय उपयोग, असा प्रश्न येऊ शकतो. चांगला प्रश्न आहे. तारीख पंचांगावरून ठरते आणि ते म्हणणं प्रेमाचं असतं, एवढं उत्तर पुरतं.

रागातलं आणि टोमण्यातलं बोलणं

"परत हात लावून बघ!" असं दरडावलं की मूल हात लावतं आणि बघतं. मग मार बसतो. याहून अन्यायाचा मार क्वचितच असेल. धमकी आज्ञेच्या रूपात देऊ नका, "हात लावू नको, इस्त्री गरम आहे" म्हणा. काच फुटल्यावर "वा, छान केलंस!" म्हटलं तर त्यानं छान केलं असंच त्याच्या मनात राहतं. "पोलीस पकडून नेतील" हे तर मुळीच नको. एक दिवस पोलिसांकडेच मदत मागावी लागू शकते.

नियम सांगताना अपवादही सांगा

"अनोळखी माणसाशी कधीच बोलायचं नाही" असं शिकवलेलं मूल स्टेशनवर हरवलं तर गणवेशातल्या पोलिसालाही नाव सांगत नाही. "दार उघडायचं नाही" म्हटलं की आजोबा बाहेर ताटकळतात. नियमाच्या खाली अपवाद नावानिशी लिहा: हरवलास तर पोलीस किंवा दुकानाच्या काउंटरवरच्या माणसाला नाव आणि फोन नंबर सांगायचा, दारात आजी, आजोबा, मावशी असतील तर उघडायचं.

"मोठ्यांचं सगळं ऐकायचं" हे वाक्य घरातून काढूनच टाका. शब्दशः पाळणाऱ्या मुलासाठी ते धोक्याचं आहे. कुणी कपडे काढायला सांगितलं, कपड्यांच्या आतल्या भागाला हात लावला किंवा "हे आईला सांगू नको" म्हटलं, तर मोठं माणूस असलं तरी "नाही" म्हणायचं, तिथून निघायचं आणि आईबाबांना सांगायचं, हे याच शब्दांत सांगा. आंघोळीला मदत करणारी माणसं आणि तपासणारे डॉक्टर हे अपवाद. ते नेमके कोण, आणि कोण सोबत असताना चालतील, हेही स्पष्ट करा.

घरात कुणी गेलं तर

"आजोबा देवाघरी गेले" ऐकून मूल देवघरात शोधायला जातं. "झोपले" म्हटलं तर स्वतः झोपायला घाबरतं. "गेले" म्हटलं तर कधी येणार ते विचारत राहतं. आदर राखूनही सरळ बोलता येतं: "आजोबांचा मृत्यू झाला. त्यांचं हृदय थांबलं. ते आता श्वास घेत नाहीत, त्यांना दुखत नाही, ते परत येणार नाहीत." पुढच्या दिवसांत काय होणार तेही आधी सांगा: घरात माणसं येतील, काही रडतील, अंत्यसंस्कार कुठे होतील. दहाव्याला "कावळा शिवला" हे कानावर पडणारच. तिथे शिवणं म्हणजे स्पर्श करणं, सुई-दोऱ्याचं शिवणं नव्हे, हे आदल्या दिवशी सांगून ठेवा.

शाळा आणि नातेवाईक

वर्गशिक्षिकेला एक पानच द्या, जास्त कुणी वाचत नाही. त्यात तीन-चार नेमक्या गोष्टी असू द्या. "थोडक्यात लिहा" ऐवजी "तीन वाक्यांत लिहा". "तुझ्या शब्दांत लिही" ऐवजी "पुस्तक बंद करून आठवेल तसं लिही". सगळ्या वर्गाला दिलेली सूचना त्यालाही आहे हे नाव घेऊन सांगणं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेची नोंद आहे, त्यामुळे अशी मागणी संकोच न करता करा. नातेवाइकांना त्याचे किस्से त्याच्यासमोर सांगू नका. त्याला वाक्प्रचार कळत नसेल, लोक त्याच्यावर हसतायत हे कळतं.

त्याचं बोलणंही शब्दशः घ्या

हे उलट दिशेनंही लागू आहे. तो "भूक नाही" म्हणाला तर ती आग्रहाची वाट बघणारी "नको" नसते. ताट झाकून ठेवा. "मिक्सरचा आवाज दुखतो" म्हणाला तर खरंच दुखतं असं धरून चाला: मिक्सर लावण्याआधी "आता मिक्सर, वीस सेकंद" असं सांगा, त्याला दुसऱ्या खोलीत जाऊ द्या, आणि वीस सेकंदांनी बंद करा.