मालिकेच्या सेटवर पहिले काम कसे मिळवावे

चित्रपट किंवा दूरचित्रवाणीत शिरू पाहणाऱ्या बहुतेकांच्या मनात अभिनय किंवा दिग्दर्शन असते. पण ज्याची या क्षेत्रात कोणाशीच ओळख नाही, त्याने मराठी दैनंदिन मालिकेतील सहायक दिग्दर्शकाच्या, म्हणजे सेटवरच्या भाषेत ‘एडी’च्या, कामाचा आधी विचार करावा, असे माझे मत आहे. अर्ध्या तासाच्या भागासाठी जाहिराती वगळता साधारण २० ते २२ मिनिटांचे चित्रण लागते, असे बहुधा सहा भाग दर आठवड्याला द्यावे लागतात आणि त्यासाठी बारा-बारा तासांची शिफ्ट चालते. या दगदगीमुळे कनिष्ठ एडी वरचेवर काम सोडतात आणि त्यांची जागा दोन दिवसांत भरावी लागते. अशा वेळी पदवीपेक्षा ‘उद्यापासून येतोस का?’ या प्रश्नाचे उत्तर महत्त्वाचे ठरते.

याचा अर्थ शिक्षण निरुपयोगी आहे असा नाही. पुण्यात प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मिळत असेल, तर तो जरूर घ्यावा. मात्र तेथील जागा मोजक्या असल्याने प्रवेश हुकला म्हणून वर्षभर हातावर हात धरून बसू नये. पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धेत ज्याने नेपथ्य लावले आहे, प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू, सांभाळली आहे आणि तालमीत प्रॉम्प्टिंग केले आहे, म्हणजे विसरलेली वाक्ये सुचवली आहेत, त्याला सेटवरची निम्मी शिस्त आधीच अंगवळणी पडलेली असते.

काम मागताना निर्मात्याला गाठण्याचा खटाटोप करू नये. नव्या एडीला घेण्याचा निर्णय प्रायः दिग्दर्शक, कार्यकारी निर्माता किंवा मुख्य सहायक दिग्दर्शक घेतो आणि ही नावे श्रेयनामावलीत सापडतात. संदेश चार ओळींचा असावा. आपण काय केले आहे, कधीपासून येऊ शकतो, देवनागरी टंकलेखन येते का आणि राहतो कोठे, एवढे त्यात पुरे. शेवटची बाब क्षुल्लक वाटली तरी तशी नाही, कारण गोरेगावची चित्रनगरी, मढ किंवा ठाण्याचा घोडबंदर रस्ता येथे सकाळी सातचा कॉलटाइम, म्हणजे सेटवर हजर होण्याची वेळ, असेल, तर डोंबिवलीहून वेळेवर पोहोचणारा मुलगा आणि न पोहोचणारा मुलगा यांतला फरक पहिल्याच आठवड्यात कळतो.

नव्या एडीकडे सहसा कंटिन्युइटी येते, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी चित्रित झालेल्या दृश्यांतला सलगपणा सांभाळण्याचे काम. समजा, सून पोह्यांची बशी घेऊन स्वयंपाकघरातून निघते आणि अंगणात सासऱ्यांना देते. स्वयंपाकघर आज चित्रित होते, अंगण आठ दिवसांनी. त्या दिवशी बशी कोणत्या हातात होती, पोह्यांवर खोबरे होते का, पदर खोचलेला होता की मोकळा, हिरव्या बांगड्या किती होत्या, हे सांगण्याची जबाबदारी एडीची. माझ्या पहिल्याच आठवड्यात चहाचा कप उंबरठा ओलांडताना उजव्या हातातून डाव्या हातात गेला आणि तो प्रसंग पुन्हा चित्रित करताना संपूर्ण युनिट माझ्याकडे पाहत होते. तेव्हापासून मी कलाकार कपडे बदलण्यापूर्वी समोरून, बाजूने आणि हातांचे जवळून अशी तीन छायाचित्रे घेतो व ती भाग आणि सीन क्रमांकानुसार त्याच रात्री लावून ठेवतो. स्मरणशक्तीवर विसंबणारे एडी फार काळ टिकलेले मी पाहिले नाहीत. सेटवरची बरीच माहिती मेकअप दादा, सेटवरची पडेल ती कामे करणारे स्पॉट दादा आणि हेअरच्या ताईंकडे असते, त्यामुळे त्यांच्याशी नम्रतेने वागणे हा शिष्टाचार तर आहेच, पण तो कामाचाही भाग आहे.

नोंदणी शुल्क, कार्ड किंवा ‘पोर्टफोलिओ’ यांच्या नावाखाली कोणी काम देण्याआधी पैसे मागितले, तर तेथून तत्काळ निघावे. मानधन किती, ते महिन्यावर की दिवसावर, आणि प्रवासखर्च वेगळा मिळणार का, हे निदान संदेशावर लिहून घ्यावे. दूरचित्रवाणीत पैसे बरेचदा ९० दिवसांनी हाती येतात. म्हणजे जूनमध्ये काम सुरू केले, तर गणपतीत घरी जाण्याचे तिकीटसुद्धा स्वतःच्या साठवणीतून काढावे लागते; म्हणून किमान चार महिन्यांचे भाडे आणि खानावळीचा खर्च बाजूला ठेवूनच मुंबई-ठाण्यात यावे.