"समजलं का?" हे विचारणं मी सोडलं

सेट (प्राध्यापकांची राज्य पात्रता परीक्षा) पास होऊन तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवायला लागले, तेव्हा माझी सगळी तयारी एका जाड वहीत होती. एफ. वाय. मेकॅनिक्सची झाडून सगळी डेरिव्हेशन्स. ती मी फळ्यावर उतरवायची, पोरांनी वहीत उतरवायची, मध्येच मी विचारायचं "समजलं का?" आणि अख्ख्या वर्गाने सुरात म्हणायचं "हो मॅडम". पहिलं सेमिस्टर असं झकास गेलं.

मग प्रॅक्टिकलच्या तोंडीला मी सहज हातातला खडू वर उडवला. "हा वर जाताना याच्यावर कोणती बलं आहेत? हवा सोडून द्या." न्यूटनचे तिन्ही नियम घडाघडा म्हणणारी मुलगी म्हणाली, "गुरुत्वाकर्षण आणि हाताचा जोर." पुढचा तेच म्हणाला. त्याच्या पुढचाही. हात सुटल्यावर खडूवर फक्त गुरुत्वाकर्षण उरतं, हे माझ्या वहीने कुणालाच सांगितलं नव्हतं.

हे दुखणं फक्त आपलं नाही. हार्वर्डमध्ये फिजिक्सचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९०च्या सुमारास विद्यार्थ्यांना संकल्पनांची साधी चाचणी दिली, तेव्हा कुणीतरी विचारलं होतं: उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू, की मला वाटतं तसं? त्यातूनच त्यांची 'पीअर इन्स्ट्रक्शन' ही पद्धत आली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. वर्ग दोन गटांत फाटला की वाद रंगतो. बहुतेकांचं बरोबर आलं तर पुढे सरकायचं. बहुतेकांचं चुकलं तर आधी आपणच नीट शिकवायचं.

तिकडे यासाठी क्लिकर, म्हणजे बटण दाबून उत्तर द्यायचे छोटे रिमोट, वापरतात, मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर अ, ब, क, ड लिहिलं. पत्रिका छातीशी धरायची, म्हणजे मागच्याला दिसत नाही.

खरी गंमत शेजाऱ्यांच्या वादात असते, तेव्हा फळा सोडून बाकांमधून फिरा. तिथेच मला 'जोर' सापडला. आपण 'गाडीला जोर आहे' म्हणतो, 'जोर लाव' म्हणतो, 'पाण्याचा जोर' म्हणतो. फोर्स (बल), मोमेंटम (संवेग), प्रेशर (दाब), सगळं त्या एका शब्दात कोंबलेलं. "खडूत जोर आहे" म्हणणाऱ्या पोराला बहुधा मोमेंटम म्हणायचं असतं, आणि ते चूक नाही! चूक एवढीच, की तो त्याला बल समजतो. आता मी विचारते, "जोर म्हणजे काय? लावणारा कोण?" लावणारा सापडला नाही, तर ते बल नाही. 'सगळ्यात वर पोचल्यावर त्वरण शून्य का नाही?' हा प्रश्नही असाच चांगला पेटतो. वाद मराठीत होऊ द्या, पेपर इंग्रजीत असला तरी. इंग्रजीत बोलायला लावलंत की वर्ग गप्प.

प्रश्न विचारल्यावर थांबायला मात्र मला वर्ष लागलं. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवलं होतं, की शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात आणि ३ सेकंद थांबले तरी उत्तरं सुधारतात. वाचायला सोपं आहे. वर्गात तीन सेकंद म्हणजे युग वाटतं. मी मनात 'एक एस्टी, दोन एस्टी, तीन एस्टी' मोजते.

आता माझी फजिती. दुसऱ्या वर्षी उत्साहाने मी प्रत्येक तासाला पत्रिका काढल्या आणि पोर्शन राहिला. रविवारी जादा तास ठेवले, तर गावांकडच्या गाड्याच रविवारी कमी. आली ती गावातलीच पोरं. ज्यांच्यासाठी खटाटोप, ती घरीच. तेव्हापासून आठवड्याला दोनच प्रश्न. लांबलचक डेरिव्हेशन घरी वाचायला देते, वर्गात फक्त अडणारी पायरी घेते. 'तुमच्या वर्गात गोंगाट फार' असा निरोपही वरून आला होता. मी वाद घातला नाही, साहेबांनाच मागच्या बाकावर बोलावलं आणि एक पत्रिका हातात दिली. त्यांनी काय उत्तर दिलं ते सांगत नाही, पण निरोप पुन्हा आला नाही.

तासिकेवर असाल तर पहिल्या महिन्यात हे करू नका, आधी मुलांची नावं पाठ करा. आणि पत्रिका जाड बघून घ्या. पातळ कागदाच्या आरपार दिसतं, मग पहिल्या बाकावरच्या हुशार पोरीचं अक्षर सगळ्या वर्गाचं होतं.