पर्यावरण प्रदर्शनात न्यूटचा स्टॉल लावायचाय?

नाशिकमध्ये शाळा-कॉलेजच्या प्रदर्शनात न्यूट (दिसायला पालीसारखा, पण बेडकासारखा उभयचर प्राणी) ठेवणार असाल तर आधी एक, जिवंत प्राणी आणायचा विचारच नको, आपला हिमालयन न्यूट कायद्याने संरक्षित आहे आणि तो राहतो दार्जिलिंगकडे, जोरपोखरीला तर त्याच्यासाठी अभयारण्य आहे. शाडूचं मॉडेल करा, गणपतीची उरलेली माती चालते. रंग गडद तपकिरी, पाठीच्या दोन्ही बाजूंना गाठींची रांग, शेपटी चपटी, आणि बोटांना नखं अजिबात काढू नका, कारण निम्मे लोक "अरे ही तर पाल" म्हणणारच, तेव्हा तेच दाखवायचं: नखं नाहीत, खवले नाहीत, कातडी ओलसर. पिल्लाचं वेगळं मॉडेल ठेवा, डोक्यामागे पिसासारखे कल्ले. तुटलेला पाय परत उगवतो हे सांगितलं की पोरं हलत नाहीत :) डबकी बुजवली की अंडी घालायला जागाच उरत नाही, हा बोर्ड मोठ्या अक्षरात लावा.